कोरा बाँड

मी वकील. बाजाराच्या दिवशी बीडला जात नाही. भाद्रपद सरत आला की मुकादम उचल म्हणजे आगाऊ रक्कम वाटायला लागतात आणि नेकनूरच्या बाजारात बैल, कोयते, ताडपत्र्या यांच्याबरोबर माणसांचेही सौदे होतात. दसरा-दिवाळीच्या तोंडावर वाड्या-वस्त्या ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात. मला जे काही सांगायचं, ते त्याआधी.

पहाटे सहालाच अंगणात चपला वाजल्या. नवरा-बायको, बालाघाटातल्या एका वाडीवरून जनावरांच्या टेम्पोत बसून आलेले. तो ओट्यावर टेकला, ती उभीच.

“ताई, मुकादम संध्याकाळी एक लाख देतोय. बाँडवर सही मागतोय.”

“बाँडवर लिहिलंय काय?”

“अजून काहीच न्हाई.”

बाँड म्हणजे स्टँप पेपर. पूर्वी शंभराचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. तेवढे पाचशे मुकादमाने आधीच यांच्या नावावर मांडले होते. मी वही काढली. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांची पुण्यात तडजोड झाली, तेव्हा तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला २७३ चे ३६६ झाले. एक लाखाला ३६६ ने भागलं तर २७३ टन येतात. जुना दर जेवढा होता तेवढेच टन निघाले, म्हणून मला हसू आलं; त्या दोघांना आलं नाही. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर १३७ दिवस. त्यात आजारपण नाही, पाऊस नाही, खाडा नाही. कारखाना चार महिने चालला तर १२० दिवस.

ती इतका वेळ गप्प होती. बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली, “म्हंजी बारा हजार जाताजाताच अंगावर.”

हिशेब बरोबर होता. खर्चीला आठवड्याला मिळणारे पैसे तर त्यात धरलेलेच नव्हते. उसाचे वाढे विकून येतात ते चार पैसे वेगळे, पण त्यावर उचल फिटत नाही. मी सांगायचं ते सांगितलं. रक्कम आकड्यात लिहून घ्या आणि अक्षरातही. टनाचा दर लिहून घ्या. खाली कोरी जागा राहिली तर त्यावर आडवी रेघ ओढा, मग सही. कोरा चेक तर अजिबात नाही. माणसाला वाटतं, रक्कम दुसऱ्याने भरली म्हणजे कोर्ट सोडून देईल. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये बीर सिंग प्रकरणात उलट सांगितलंय: राजीखुशीने सही करून दिलेला चेक कोरा असला तरी देणं आहे असंच कायदा धरून चालतो, नसेल तर ते सही करणाऱ्याने दाखवायचं. उसाच्या फडात उभ्या माणसाने ते कसं दाखवायचं, हे निकालात शोधून सापडत नाही.

नवऱ्याने मान हलवली. पटल्याची ती मान नव्हती. संध्याकाळी मुकादमासमोर हे म्हणता येईल का, याचा अंदाज तो घेत होता.

नऊला स्टँडजवळच्या हॉटेलात. कोपऱ्यातलं टेबल माझं. बोर्ड लावलेला नाही, वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे. त्याची गरजही पडत नाही. हॉटेलवाला लांबूनच बोट दाखवतो. मी फी घेत नाही म्हणून तो चहाचे पैसे सोडत नाही, आणि बरोबरच आहे.

सकाळचे प्रश्न दरवर्षीचे. आधार मुकादमाने मागितलंय: झेरॉक्स द्या, कार्ड देऊ नका. रेशन तिकडे मिळतं का: मिळतं, कर्नाटकातही, अंगठा जुळला पाहिजे. लेकरांचं काय: आजी-आजोबांजवळ राहणार असतील तर निघायच्या आधी मुख्याध्यापकांकडे हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घाला. उसाच्या टनामागे दहा रुपये कापून कल्याण महामंडळ उभं केलंय, ते गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं, तिथे नोंद झाली का: ग्रामपंचायतीतून ओळखपत्र घ्या. एकेकाला पाच मिनिटंही लागत नाहीत.

अकराच्या सुमाराला एक बाई आली, जुन्या फायलीसाठी. गर्भाशयाची पिशवी काढून बरीच वर्षं झाली, कंबर धरलेली ती अजून सुटत नाही. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं तेव्हा सरकारी समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या आकड्यात आपण असू, असं ही म्हणते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पण भरती झालेल्यांचे कागद जपायची सक्ती आहे फक्त तीन वर्षं. तरीही अर्ज लिहिला. कागद नाहीत असं लेखी उत्तर मिळालं तर तोही एक कागदच. खटल्याचा खर्च कसा झेपणार, असं तिने विचारलं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. हे मी इतक्यांदा सांगते की आता बायका ते कलम बाराच्या नावानेच ओळखतात: “ताई, आपलं ते बारावालं.”

दुपारी एक तरुण आला, दहावी नापास. सौदीला जायचंय, मुंबईचा एजंट ऐंशी हजार मागतो. मी पासपोर्ट बघितला. दहावी पास नसल्यामुळे त्याला अशा देशांत कामाला जाताना सरकारची परवानगी लागते. १९८३ चा उत्प्रवास कायदा त्यासाठीच आहे. एजंटाकडे सरकारी परवाना हवा, त्याला तीस हजार आणि वर जीएसटी एवढेच घेता येतात, आणि मुंबईत ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ नावाचा अधिकारी बसतो. परवाना क्रमांक आधी तपासून घे म्हटलं.

तो गेल्यावर मला नेहमीचा विचार आला. सौदीला जाणाऱ्या पोराला एक सरकारी रक्षक आहे. कर्नाटकातल्या फडावर जाणाऱ्या त्याच्या मामाला कोणी नाही. कायदा नव्हता असं नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराला परवाना होता, मजुराला फोटो लावलेलं पासबुक होतं, अर्ध्या महिन्याच्या मजुरीएवढा विस्थापन भत्ता होता. आता तो २०२० च्या कामगार संहितेत विरघळला. इतक्या वर्षांत तसलं पासबुक मी एकदाही हातात धरलेलं नाही. आणि कोल्हापूर-सांगलीला जाणारा तर राज्यातच राहतो, त्याला तो कायदाही लागू नव्हता.

तीन वाजता एक मुकादम आला. याच पंचक्रोशीतला, माझ्या वडिलांना मामा म्हणणारा. दोन जोड्यांनी त्याच्याकडून उचल घेतली, आणखी दोघा मुकादमांकडूनही घेतली आणि फोन बंद. वाहन ठेकेदाराने त्याचाच ट्रॅक्टर ओढून न्यायची धमकी दिलीय. “लोकांचे वकील तुम्ही, मग मी काय परका?” त्याच्या खिशातही कोरे चेकच होते, फक्त वरच्या माणसाला दिलेले. त्यालाही तेच सांगितलं: नोटीस आली तर पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, फाडून टाकू नका. अशा माणसाला सल्ला द्यावा का, यावर घरात वाद होतात. मी देते. कोऱ्या कागदाची भीती त्याला कळली तर पुढचा बाँड तो तरी भरून घेईल, असा माझा हिशेब. आतापर्यंत जमलेला नाही.

चारनंतर गर्दी ओसरते तेव्हा जुनी वही चाळते. तीन हंगामांपूर्वीचं एक पान मी मुद्दाम दुमडून ठेवलंय. एका जोडीला फडावर अडकवलं होतं, उचल फिटेपर्यंत गावी जायचं नाही म्हणून. १९७६ च्या कायद्याने असं अडकवणं म्हणजे वेठबिगारी, आणि सुटका झाली की कर्जही संपतं. मी उत्साहाने आधी नोटीस धाडली. ती पोचली त्या रात्री त्यांचे फोन काढून घेतले आणि कोपी दुसऱ्या फडावर हलवली. सापडायला नऊ दिवस गेले. आधी तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे तक्रार, माणसं बाहेर, मग नोटीस. हा क्रम मला कॉलेजात कोणी शिकवला नव्हता आणि त्याची किंमत मी भरली नाही.

साडेसहाला बाजार उठत होता. भाजीवाल्यांनी उरलेली मेथी ढिगाने विकायला काढली होती. पहाटेची ती बाई एकटीच आली.

“रेघ ओढू दिली न्हाई. म्हणला, रेघ ओढायची तर दुसरा मुकादम बघा.”

“मग?”

“केली सही. लेकीचं लग्न उरकलंय, सावकार दारात बसलाय.”

मी काही बोलले नाही. तिने पदराआडून मुलाचा फोन काढला आणि समोर धरला. पडद्यावर पाचशेचा स्टँप पेपर, पांढरा, खाली डाव्या बाजूला नवऱ्याची सही, शेजारी तिचा अंगठा. कागदाच्या कडेला मुकादमाचा हात आणि त्यातली पाचशेची बंडलं, दोन, स्पष्ट मोजता येतील अशी.

“मोजताना काढला. त्याला वाटलं पोरगा गेम खेळतोय.”

फोटो माझ्या फोनवर घेतला. वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिली. खाली चार ओळी कोऱ्या राहिल्या. तिने पेन मागून घेतलं आणि त्यावर आडवी रेघ ओढली.