मिथुन, तूळ आणि ॲस्पिरिन

रुग्णांची माहिती संगणकात भरताना रक्तगटांना आकडे देतात. ए म्हणजे १, बी म्हणजे २, एबी ३, ओ ४. आता या रकान्याची सरासरी काढायला सांगा. 'आर' असो वा 'एपी इन्फो', संख्याशास्त्रीय आज्ञावली क्षणार्धात २.६ असे काहीतरी उत्तर देईल. २.६ हा रक्तगट कोणाचाच नसतो, हे तिला ठाऊक नसते.

ही चूक निदान हसू आणते. दुसरी एक चूक इतकी सहज उघडी पडत नाही. त्यासाठी १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेली 'आयसिस-२' ही चाचणी पाहू. हृदयविकाराचा झटका आल्याची शंका असलेल्या ८,५८७ रुग्णांना ॲस्पिरिन, तर ८,६०० रुग्णांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय मिळणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी पहिल्या गटातले ८०४ जण दगावले, दुसऱ्यातले १,०१६. म्हणजे हजारी ९४ आणि ११८. ॲस्पिरिन निरुपयोगी असते, तर केवळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी होती.

मग संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची राशींनुसार विभागणी केली. (ही पाश्चात्त्यांची जन्मतारखेवरून ठरणारी सूर्यरास, आपल्या पत्रिकेतली चंद्ररास नव्हे!) मिथुन आणि तूळ राशींच्या रुग्णांत ॲस्पिरिन घेणारे १५० दगावले, न घेणारे १४७. या दोन राशींना औषध लागू पडत नाही म्हणायचे का? गट जितके बारीक पाडावेत तितका योगायोगाला वाव मिळतो, एवढाच याचा अर्थ. राशींच्या जागी वय किंवा वजन असते, तर मात्र हाच निष्कर्ष आपल्याला पटला असता आणि काही रुग्णांना उपयोगी औषध नाकारले गेले असते.

वर्गातल्या ६० मुलांना प्रत्येकी १० वेळा नाणे उडवायला सांगा. आठ किंवा अधिक वेळा छापा येण्याची शक्यता सुमारे ५.५ टक्के, म्हणजे साधारण तिघांना तो येईल. त्यांची नावे फळ्यावर लिहून 'असे का झाले?' विचारा. मुले कारणेही शोधून देतील! संशोधनात फरक 'लक्षणीय' मानण्याची रूढ मर्यादाही ५ टक्क्यांचीच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० कसोट्या लावल्या, तर निदान एकीत तरी खोटा फरक दिसण्याची शक्यता ६४ टक्के होते.

म्हणून काय तपासायचे आणि कोणत्या कसोटीने, हे आकडे हाती येण्याआधी लिहून ठेवतात. भारतात औषधचाचण्यांची आगाऊ नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. मुख्य मोजमाप कोणते, हे त्या नोंदीतच सांगावे लागते.