बगळा छाप रेसर

मागच्या चाकाच्या हबवर मळीचा इतका जाड थर होता की आत धातू आहे हेही कळत नव्हतं. रॉकेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश घेऊन घासत बसलो. आधी ‘स्टर्मी-आर्चर’ उमटलं, मग ‘एडब्ल्यू’, आणि शेवटी दोन आकडे: ६३ आणि ५. नॉटिंगहॅमच्या या गियरवाल्यांची एक सवय फार उपकारक होती. हब कारखान्यातून निघताना त्याच्या अंगावरच ते साल आणि महिना ठोकत. म्हणजे हा हब मे १९६३ चा. सायकलीचा जन्मदाखला हाती लागला म्हणून खूश झालो आणि फ्रेमकडे बघून लगेच गप्प बसलो. फ्रेम रॅले लेंटनची, म्हणजे १९५० च्या दशकातली. चाक मागाहून कुणीतरी बदललेलं. या सायकलीचे माझ्या आधीचे मालक मला कधीच भेटणार नाहीत, पण त्यांच्यातल्या एकाने मागचं चाक पार मोडून घेतलं होतं, एवढं तरी कळलं.

ती मला मिळाली केसनंद रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे, पत्र्याचे डबे आणि फुटक्या कूलरच्या मधे. वाघोलीत जुन्या गोष्टींना तसाही फारसा भाव नाही. वाघेश्वराचं देऊळ आहे, पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. पण नगर रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी दिसतात ते डंपर, खडीची धूळ आणि अर्धवट उभे टॉवर. २०२१ मध्ये गाव महापालिकेत गेलं आणि उरलंसुरलं जुनंही मोजमापात अडकलं. अशा ठिकाणी फ्रेमच्या तोंडावर बगळ्याचं डोकं असलेला पितळी बिल्ला दिसला, की माणूस थांबतोच. तो बगळा म्हणजे रॅले.

आमच्या लहानपणी पुण्यात सायकलींच्या दोनच जाती होत्या: साधी आणि रेसर. रेसर म्हणजे मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. बाकी तिला गियर असोत नसोत, मडगार्ड असो नसो, हँडल वळलेलं असलं की ती रेसर. साध्या सायकलीवरून माणसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नि पिंपरीला पेनिसिलिनच्या कंपनीत पाळीला जात. रेसरवरून माणूस कुठेही जात नसे, तो फक्त जात असे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून आलेले गडी आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचो. घाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. पुढे पुण्यात पहिला कोण आला, ते कुणाच्या लक्षात राहत नसे.

लेंटन ही त्या रेसरची आजी म्हणायला हरकत नाही. नॉटिंगहॅमच्या ज्या भागात रॅलेचा कारखाना होता, त्याचंच नाव तिला दिलेलं. ती काही टूर द फ्रान्सची सायकल नव्हे. इंग्लंडातला कामगार आठवडाभर तिच्यावरून कामाला जाई आणि रविवारी मडगार्ड काढून क्लबच्या शर्यतीत उतरे. रॅलेच्या जाहिरातीत रेज हॅरिस असे, स्प्रिंटमध्ये चारदा व्यावसायिक जगज्जेता ठरलेला. फ्रेमवरच्या पुसट कागदावर ‘रेनॉल्ड्स ५३१’ एवढं वाचता येत होतं. मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेलं हे पोलाद बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ मध्ये बाजारात आणलं. ताकद तीच ठेवून नळीची भिंत पातळ करता येई, हा त्याचा गुण. तुम्हाला फरक ऐकायचा असेल तर टिचकी मारा. साध्या सायकलीची नळी बद्द वाजते. ही काशाच्या वाटीसारखी वाजते आणि आवाज थोडा रेंगाळतो.

पहिली चूक मी केली ती शहरातल्या एका चकचकीत सायकल दुकानात जाण्याची. काउंटरवरच्या मुलाने सायकल नीट पाहिली, फोटो काढले आणि अंदाजपत्रक दिलं: जुनी क्रँक, कप, एक्सल सगळं काढायचं, चाकं नवी, ब्रेक नवे, फ्रेमला पावडर कोटिंग. म्हटलं, मग जुनं राहिलं काय? तो म्हणाला, ‘लूक’. मी सायकल परत रिक्षाच्या टपावर टाकली.

उत्तर सापडलं आमच्याच सोसायटीच्या फाटकापाशी. रात्रपाळीचा वॉचमन आपली काळी सायकल खांबाला टेकवून उभी करतो. कॅरिअरवर डबा, हँडलला पिशवी. सहज वाकून पाहिलं तर क्रँक एक्सलवर कॉटरने बसवलेली: तीच तिरकी चपटी पिन, वरून घालायची, खालून नट आवळायचा. हबचे कोन तसेच, मागच्या चाकाला तशाच चाळीस तारा. माझ्या रेसरचा आणि त्या काळ्या सायकलीचा हाडांचा सांगाडा एकच होता. आणि त्यात आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. भारतात सायकलीचे कारखाने उभे राहिले ते इंग्रजी साच्यावर. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआयने हर्क्युलस, फिलिप्स आणि बीएसए बनवल्या. आसनसोलला सेन-रॅले उभी राहिली, ती तर नॉटिंगहॅमशी थेट भागीदारी. सोनिपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हीरो यांनीही दांडीची काळी सायकल घडवली ती त्याच वळणाची. इंग्लंडने हा साचा कधीच मोडीत काढला. आपल्याकडे दूधवाला, गवंडी आणि वॉचमन तो अजून चालवतात. रॅलेची रेसर दुरुस्त करायची तर काळ्या सायकली दुरुस्त करणाराच माणूस शोधायला हवा होता.

बाजारतळाजवळ ताडपत्रीखाली बसणारे मामा मूळचे बीडकडचे. पंक्चरच्या पाण्याची घमेली, एक पंप, खोक्यात नटबोल्ट, एवढा त्यांचा कारखाना. रेसर पाहून ते फार हुरळले नाहीत. क्रँक धरून हलवली, कान लावला आणि म्हणाले, “कॉटर गेलीय. पण कुणी ठोकली व्हती ती, त्याला आधी बगायला पायजे.”

कॉटर काढण्याचं काम बघण्यासारखं असतं. नट काढून टाकला की घाईतला माणूस पिनेच्या टोकावर सरळ हातोडा हाणतो. पिनेचं टोक फुलतं आणि मग ती जन्मात निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे घाव एक्सलमधून छऱ्र्यांवर जातो आणि कपाच्या आतल्या गुळगुळीत वाटेला खड्डे पडतात. मामांनी जाड लोखंडी पाइपचा तुकडा घेतला. तो जमिनीवर उभा ठेवून क्रँक बरोबर त्याच्या तोंडावर टेकवली. पिनेचं डोकं पाइपच्या पोकळीत. आता घाव पाइपमधून जमिनीत जाणार, छऱ्र्यांत नाही. नट अगदी वरच्या आट्यापर्यंत सैल ठेवला, म्हणजे आटे फुटू नयेत. मग एकच घाव. ‘टक्’. पिन अर्धा इंच खाली सरकली होती. नवी पिन साडेनऊ मिलिमीटरची, लुधियानाची. तिची चपटी बाजू कानशीने चार-चारदा घासून, घालून, काढून, पुन्हा घासून बसवली. दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट तोंडाने घालायच्या, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडते.

चेनच्या बाजूच्या कपाला मात्र मामांनी हात लावू दिला नाही. त्या बाजूचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसलेल्यांनी पिढ्यानपिढ्या तो कप ‘सोडवायला’ जाऊन अजून घट्ट केला आहे. शिवाय रॅलेचा एक हट्ट होता: बाकी इंग्लंड इंचाला चोवीस आटे पाडत असे तेव्हा नॉटिंगहॅमवाले सव्वीस पाडत. म्हणजे कप खराब झाला तर नवा बसणारच नाही. दुकानातल्या त्या मुलाने जे काढून टाकायला सांगितलं होतं, नेमकं तेच जपायचं होतं. कप जागेवरच चिंधीने पुसला, ग्रीस भरलं आणि दोन्हीकडे पाव इंची अकरा-अकरा नवे छर्रे बसवले. क्रँक फिरवली तर आवाजच नाही.

चाकांनी मात्र दमवलं. ‘सव्वीस इंची टायर द्या’ म्हणणं म्हणजे ‘पाटील यांचं घर कुठे’ विचारण्यासारखं आहे. डोंगरी सायकलीचं सव्वीस इंची टायर रिमवर बसतं ५५९ मिलिमीटर व्यासावर. आपल्याकडच्या जुन्या एसएलआरचं, म्हणजे सव्वीस बाय एक तीन-अष्टमांशचं, ५९० वर. आणि लेंटनचं, सव्वीस बाय सव्वाचं, ५९७ वर. आकडा एक, मापं तीन, आणि एकाचं दुसऱ्याला चढत नाही. सात मिलिमीटरसाठी मी दोन महिने फिरलो. शेवटी जुन्या बाजारात, एका रविवारी, ५९० च्या रिमची जोडी सापडली: पुढे बत्तीस भोकं, मागे चाळीस. चाळीस भोकांच्या रिमसाठी इंग्लंडात हौशी लोक वणवण करतात; आपल्याकडे ती दूधवाल्याच्या गरजेपोटी टिकली. ब्रेकचे रबर साडेतीन मिलिमीटर खाली सरकवले की नवी रिम पकडीत आली. मामांनी सायकल उलटी करून फ्रेमला एक तार गुंडाळली, तिचं टोक रिमला जेमतेम शिवेल असं वाकवलं आणि चाक फिरवत, तारा आवळत-सैल करत आउट काढला. तासभर कुणी बोललं नाही. मूळच्या रिम मी बाल्कनीच्या भिंतीला टांगल्या आहेत. घरातली मंडळी त्यांना डबा ठेवायची चुंबळ म्हणतात.

रंगाला मी ब्रश लावला नाही. गंज काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरलं. ते वाघोलीत मिळायला अवघड नाही, प्रत्येक नव्या इमारतीत मार्बल पॉलिशवाले तेच वापरतात. विषारी असतं, हातमोजे हवेतच. बादलीभर पाण्यात थोडी पूड घालून सुटे भाग रात्रभर बुडवले. सकाळी पाणी पिवळट हिरवं आणि क्रोम चमकत होतं. फ्रेमवर नुसता ओला बोळा फिरवला. मूळचा हिरवा रंग, त्यावरची हातभर सोनेरी रेघ, दांडीवर कुलपाची साखळी घासून पडलेला ओरखडा, सगळं तसंच आहे. जुनी सायकल नवी करणं आणि चालती करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं मला आवडत नाही. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी २०१७ मध्ये उघडलेल्या सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची बीएसए आहे, ती बघताना हेच वाटलं: तिने सोसलेलं सगळं तिच्या अंगावर असायला हवं. इटलीत १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची सफर भरते. तिथे १९८७ च्या आधीच्याच सायकली चालतात, आणि टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यावरून सगळे धुळीने माखून येतात. धुळीच्या बाबतीत वाघोलीने त्यांना हार जायचं कारण नाही.

एकदाच मी मामांपेक्षा शहाणा ठरलो. ते हबमध्ये ग्रीस कोंबायला निघाले होते. स्टर्मीच्या हबला ग्रीस चालत नाही, आतले खटके चिकटतात. त्याला बाहेरच्या बारीक झाकणातून पातळ तेल द्यायचं. या तीन गियरांची रचना मोठी सुटसुटीत आहे: दुसरा सरळ, तिसरा त्याच्याहून एक-तृतीयांश वेगवान, पहिला एक-चतुर्थांश हळू. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक खड्डा आहे, जिथे कुठलाच गियर नसतो.

तो खड्डा मला लोणीकंदच्या अलीकडे भेटला. पहाटे साडेपाचला, डंपर सुटायच्या आत, तुळापूरला संगमावर जाऊन यायचं ठरवलं होतं. चढावर उभा राहून जोर लावला आणि दोन्ही पायडल एकदम हवेत गेले. पुढे काय झालं ते दांडीवर बसलेल्या कुणालाही कळेल. रस्त्याकडेला बसून श्वास परत येईपर्यंत मी दात ओठ खात होतो. मग नटाच्या खिडकीतून पाहिलं: दुसऱ्या गियरमध्ये आतल्या काडीचं टोक एक्सलच्या टोकाशी समपातळीत हवं, ते जोंधळ्याभर आत होतं. केबलचा स्क्रू दोन फेऱ्या आवळला. तुळापूरपर्यंत पुन्हा एकदाही घसरली नाही.

परत आलो तेव्हा वॉचमनची पाळी संपली होती. तो निघाला तसं प्रत्येक फेरीला ‘खट’ असा आवाज येऊ लागला. डाव्या पायाखाली. त्याला थांबवलं, बाल्कनीतून कॉटरचं पाकीट आणि पाइपचा तुकडा आणला. सहातल्या चार उरल्या होत्या. मामांसारखा एका घावात नाही, पण तीन घावांत ती निघाली. नवी घासून बसवताना तो माझ्या सायकलीकडे बघत म्हणाला, “साहेब, तुमच्या गाडीचा पार्ट माझ्या गाडीला बसतो व्हय?”