चपळ शत्रू आणि जड मेक : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

चालक आत बसून चालवतो अशा, दोन पायांवर चालणाऱ्या अवाढव्य युद्धयंत्राला ऑनलाइन खेळांच्या परिभाषेत 'मेक' म्हटले जाते. 'बॅटलटेक' हा अशा यंत्रांच्या लढाईचा पटावरचा खेळ अमेरिकेतील फासा कॉर्पोरेशनने १९८४ मध्ये 'बॅटलड्रॉइड्स' या नावाने काढला, त्याच परंपरेतून कॅनडातील पिरान्हा गेम्सचा 'मेकवॉरियर ऑनलाइन' हा संगणकावरचा खेळ २०१३ मध्ये आला, आणि पिक्सोनिकचा 'वॉर रोबोट्स' २०१४ पासून मोबाइलवर खेळला जाऊ लागल्याने ही लढाई महागडा संगणक नसलेल्या खेळाडूच्याही हाती आली. बॅटलटेकच्या परंपरेत मेकचे चार वर्ग वजनावरून पडतात : २० ते ३५ टन हलके, ४० ते ५५ मध्यम, ६० ते ७५ जड आणि ८० ते १०० टन अतिजड. यांतील हलका, कमी चिलखताचा आणि अतिवेगवान मेक नवख्या खेळाडूला सर्वाधिक हैराण करतो. तो मागून येतो, दोन-चार वार करतो आणि हातावर तुरी देऊन निसटतो, त्यामुळे त्याच्याविषयी काही समजुती रूढ झाल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक अर्ध्या खऱ्या असल्यानेच अधिक घातक ठरतात.

गैरसमज १ : वेग हेच हलक्या मेकचे चिलखत असते.

वस्तुस्थिती : या समजुतीचे मूळ पटावरच्या खेळात आहे. तेथे नेम लागला की नाही हे दोन फासे ठरवतात, आणि लक्ष्य एका फेरीत जितकी अधिक षटकोनी घरे ओलांडते तितका मोठा आकडा नेमबाजाला फाशांवर आणावा लागतो. इतर कोणतीही अडचण नसताना सर्वसाधारण चालकाला ४ किंवा त्याहून अधिक दान पुरते, म्हणजे ३६ शक्यतांपैकी ३३ त्याच्या बाजूच्या असतात, परंतु लक्ष्याने दहा घरे पळून काढली की तोच आकडा ८ होतो आणि अनुकूल शक्यता १५ वर येतात. ऑनलाइन खेळात मात्र फासे नसतात. नेमाची खूण ज्या क्षणी जेथे असते तेथेच मारा जातो, आणि वेगाचा लाभ धावणारा कोणत्या दिशेने धावतो यावर अवलंबून राहतो. आडवा धावणारा मेक टिपणे कठीण असते, पण सरळ समोरून चालून येणारा किंवा सरळ पाठ फिरवून पळणारा मेक कितीही वेगवान असला तरी नेमाच्या खुणेत जवळजवळ स्थिरच असतो.

शिवाय वेग चुकला तर त्याखाली फारसे काही उरत नाही. पटावरच्या नियमांनुसार २० टनी 'लोकस्ट'च्या मूळ आवृत्तीवर चिलखताचे एकूण ६४ गुण असतात, तर १०० टनी 'अॅटलस'वर ३०४. लोकस्टच्या छातीवर समोरून चिलखताचे १० आणि आतल्या सांगाड्याचे ६ गुण असल्याने २० गुणांची हानी करणारा सर्वांत मोठ्या ऑटोकॅननचा एकच गोळा तेथे बसला तरी खेळ संपतो. मेकवॉरियर ऑनलाइनमध्ये चिलखताची कमाल मर्यादा दुप्पट केलेली असली, तरी हलक्या आणि अतिजड मेकमधील प्रमाण तसेच राहिले आहे.

गैरसमज २ : शत्रू जवळ आला की त्याला टिपणे सोपे होते.

वस्तुस्थिती : घिरट्या घालणाऱ्या हलक्या मेकच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते आणि त्यामागे साधे गणित आहे. लोकस्ट एका फेरीत, म्हणजे १० सेकंदांत, प्रत्येकी ३० मीटरची १२ घरे धावतो, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला ३६ मीटर, ताशी सुमारे १३० किलोमीटर पडतो. तो ३०० मीटरवरून आडवा जात असेल तर त्याच्यावर नेम धरून ठेवण्यासाठी सेकंदाला सुमारे ७ अंश वळणे पुरते, पण तोच वेग ५० मीटरवर असला तर सेकंदाला सुमारे ४१ अंश वळावे लागते. जड मेकचे धड कमरेवर ठरावीक मर्यादेपर्यंतच आणि संथपणे फिरते, त्यामुळे शत्रू त्या मर्यादेपलीकडे गेला की पायही वळवावे लागतात. तेवढ्या अवधीत तो पाठीमागे पोहोचलेला असतो आणि पाठीवरचे चिलखत सहसा समोरच्यापेक्षा बरेच पातळ असते.

म्हणून घिरट्यांना प्रतिघिरट्या घालण्याऐवजी त्यांना लागणारी जागाच काढून घेणे हा खरा उपाय ठरतो. पाठ भिंतीला, कड्याला किंवा इमारतीला लावली की पूर्ण वर्तुळाचे अर्धवर्तुळ होते आणि शत्रूला त्याच्या टोकाशी पोहोचून उलट फिरावे लागते. त्या उलट फिरण्याच्या क्षणी त्याचा वेग सर्वांत कमी असतो, त्यामुळे नेम त्याच्या मागे पळवण्यापेक्षा तो जेथे वळणार तेथे आधीच रोखून ठेवणे फायद्याचे असते. ज्या मेकचे हात कोपरातून वळतात त्यांनी हातांवरची शस्त्रे अशा वेळी आधी वापरावीत, कारण हातांचा नेम धडापेक्षा लवकर फिरतो.

गैरसमज ३ : एक मोठी तोफ असली की पुरे.

वस्तुस्थिती : मोठ्या तोफेचा एक गोळा हलक्या मेकला संपवू शकतो हे खरे, पण तो लागावा लागतो. समजा, एखाद्या गोळ्याचा वेग सेकंदाला ६०० मीटर आहे आणि लक्ष्य ३०० मीटरवर आहे, तर गोळा पोहोचेपर्यंत अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात लोकस्ट १८ मीटर पुढे सरकलेला असतो, त्यामुळे नेम तितका पुढे धरावा लागतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात शत्रूने दिशा बदलली तर गोळा वाया जाऊन तोफ पुन्हा भरेपर्यंत हात बांधले जातात. लेसरचा झोत तत्क्षणी पोहोचतो, पण तो काही काळ एकाच भागावर धरून ठेवावा लागतो, नाहीतर हानी हात, पाय आणि छाती यांत विखुरते. म्हणूनच मेकवॉरियर ऑनलाइनमध्ये अशा शत्रूविरुद्ध कमी काळ टिकणारा पल्स लेसर, छऱ्यांसारखा मारा करणारा एलबी-एक्स ऑटोकॅनन आणि 'लॉक' केल्यावर, म्हणजे यंत्रणेत लक्ष्य पक्के झाल्यावर, त्याचा माग काढत जाणारी स्ट्रीक क्षेपणास्त्रे अधिक उपयोगी पडतात. वॉर रोबोट्समध्ये छऱ्यांचा मारा करणारी 'थंडर' हेच काम करते, तर 'हेलो', 'कोरोना' आणि 'ग्लोरी' ही शस्त्रे पुरेसा मारा बसल्यावर शत्रूला काही काळ जागच्या जागी खिळवून ठेवतात, म्हणजे त्याचे एकमेव बळच काढून घेतात.

गैरसमज ४ : आपोआप माग काढणारी क्षेपणास्त्रे आणि पायांवरचा मारा हे सर्वत्र रामबाण आहेत.

वस्तुस्थिती : दोन्ही उपाय खेळाच्या नियमांना बांधलेले आहेत. लॉक होण्यासाठी लक्ष्य यंत्रणेला दिसावे लागते. मेकवॉरियर ऑनलाइनमधील ३५ टनी 'रेव्हन'सारखे काही हलके मेक ईसीएम, म्हणजे शत्रूच्या लक्ष्यवेधी यंत्रणेत बिघाड आणणारे उपकरण, बाळगतात, आणि वॉर रोबोट्समधील 'स्टॉकर' अदृश्यतेची क्षमता वापरत असेपर्यंत त्याला लॉक करता येत नाही. अशा वेळी केवळ लॉकवर विसंबलेल्या खेळाडूकडे काहीच उरत नाही, म्हणून एक तरी शस्त्र हाताने नेम धरण्याचे असावे लागते. पायांचेही तसेच आहे. मेकवॉरियर ऑनलाइनमध्ये एक पाय निकामी झाला की वेग एकदम घटतो आणि दोन्ही गेले की मेक कोसळतो, त्यामुळे धावत्या शत्रूच्या पायांवर मारा करणे तेथे शहाणपणाचे ठरते. वॉर रोबोट्समध्ये मात्र पायांना वेगळे आयुष्य नसते, सर्व हानी एकाच खात्यातून वजा होते, त्यामुळे तेथे पायांवर नेम धरून धडाचे मोठे लक्ष्य सोडण्यात तोटाच असतो.

गैरसमज ५ : नेम न लागण्याचे कारण नेहमी नेटवर्कच असते.

वस्तुस्थिती : फोन किंवा संगणकापासून सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेला 'पिंग' म्हणतात आणि त्याचा काही भाग टाळताच येत नाही. उदाहरणार्थ, वाशिम जिल्ह्यातील केनवड येथून खेळताना सर्व्हर मुंबईत असेल तर अंतर सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटर, सिंगापुरात असेल तर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पडते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सिंगापूरचा फेराच किमान ३५ मिलिसेकंदांचा होतो, आणि प्रत्यक्ष मार्ग वळणावळणाचा असल्याने व मधली यंत्रे वेळ खात असल्याने आकडा त्याहून बराच वाढतो. १०० मिलिसेकंदांत लोकस्ट ३.६ मीटर सरकतो, तेव्हा उशीर नगण्य नाही हे मान्य करावे लागते.

तथापि अनेक खेळांचे सर्व्हर या उशिराची भरपाई करतात, म्हणजे गोळी सुटली त्या क्षणी खेळाडूच्या पडद्यावर शत्रू जेथे होता ते चित्र मागे जाऊन पडताळतात. मेकवॉरियर ऑनलाइनमध्ये अशी सोय २०१३ मध्ये आणण्यात आली. अशा खेळात पिंगसाठी म्हणून नेम आणखी पुढे धरणारा खेळाडू स्वतःच नेम चुकवतो. ज्या खेळात अशी सोय नाही तेथे पुढे धरावेच लागते, पण त्यासाठी पिंग स्थिर असणे महत्त्वाचे असते : कायम ९० राहणाऱ्या पिंगची सवय हाताला होते, ४० आणि २०० यांच्यामध्ये हेलकावे खाणाऱ्या पिंगची कधीच होत नाही.

गैरसमज ६ : मागून छेडणाऱ्याचा पाठलाग करून त्याला संपवणे हाच उपाय आहे.

वस्तुस्थिती : संथ सैन्याने वेगवान सैन्याचा पाठलाग केला तर काय होते, याचे उदाहरण केनवडच्या परिसराला लागूनच आहे. १७२७ च्या अखेरीस पहिल्या बाजीराव पेशव्यांचे घोडदळ जालना, सिंदखेड, माहूर, मंगरूळ आणि वाशिम या मुलखातून फिरले आणि खानदेशमार्गे गुजरातकडे निघून गेले, आणि निजाम-उल-मुल्काचे तोफखान्याचे जड सैन्य त्यांच्या हुलकावण्यांमागे फिरत राहिले. पुढे निजामाने पुणे घेतले, तरी बाजीराव तिकडे धावले नाहीत. त्यांनी निजामाच्या औरंगाबादकडे मोर्चा वळवला आणि निजामालाच परत फिरणे भाग पडले. त्या घाईत वेग वाढवण्यासाठी त्याने जड तोफा मागे ठेवल्या आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ, आजच्या वैजापूर तालुक्यात, पाणी आणि रसद तुटून तो कोंडला गेला. मार्चमध्ये त्याला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. ज्या तोफांमुळे तो भारी होता त्याच सोडून ज्या बाबतीत तो उणा होता त्या वेगाची स्पर्धा त्याने पत्करली, आणि मोहिमेचा निकाल तेथेच लागला.

खेळातही अतिजड मेकचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो, तेव्हा १३० ने पळणाऱ्यामागे धावून तो फक्त स्वतःच्या तुकडीपासून तुटतो. वॉर रोबोट्समध्ये ताबा मिळवण्याची ठिकाणे, म्हणजे 'बीकन', मागच्या बाजूने बळकावणे हे हलक्या रोबोटचे आवडते काम असते. तेथेही सगळ्यांनी मागे वळण्याऐवजी सर्वांत जवळच्या एकाने परतावे आणि बाकीच्यांनी एकमेकांची पाठ दिसेल इतक्या अंतरावर राहून पुढची फळी सोडू नये, हे हिताचे ठरते.

गैरसमज ७ : हलका मेक नष्ट झाला नाही, म्हणजे प्रतिकार फसला.

वस्तुस्थिती : हलक्या मेकचे मोल त्याने केलेल्या हानीपेक्षा त्याने खाल्लेल्या वेळेत असते. बारा विरुद्ध बाराच्या सामन्यात एका २० टनी मेकने तीन अतिजड मेक आपल्यामागे गुंतवले, तर पुढच्या फळीवर अकरा विरुद्ध नऊ अशी लढाई उरते आणि तो एकही गोळी न झाडता आपले काम साधतो. उलट पाठ भिंतीला लावून उभ्या असलेल्या जड मेकने आणि शेजारच्या सोबत्याने वळणाच्या जागी दोन-तीन नेमके मारे केले आणि तो आल्या पावली परतला, तर त्याचा नाश झाला नसला तरी त्याची बाजूच अकरावर येते, कारण पुन्हा संधी शोधण्यात त्याचा जो वेळ जातो तो त्याच्या तुकडीच्या हिशेबातून वजा होत राहतो.