गालफुगी नव्हे, हीरफोर्टचा विकार

डोळे लाल होणे, उजेड सहन न होणे, नजर धूसर होणे या तक्रारी दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यास नव्या वाटत नाहीत. थेंबांच्या बाटलीवर त्या निभावून नेल्या जातात. परंतु त्याच सुमारास कानांखालील लालाग्रंथी सुजल्या, बारीक ताप येऊ लागला आणि एके सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून ओघळले, तर या साऱ्या तक्रारींचे मूळ एकच असू शकते.

डेन्मार्कचे नेत्रवैद्य ख्रिश्चन हीरफोर्ट यांनी १९०९ साली असे तीन रुग्ण नोंदविले. प्रारंभी या विकाराचा संबंध गालफुगीशी जोडला गेला. स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९३७ साली तो सारकॉइडोसिसशी जोडला. या व्याधीत प्रतिकारक पेशी एकत्र येऊन अवयवांत सूक्ष्म गाठी निर्माण करतात. त्या बहुधा फुफ्फुसांत होतात. लालाग्रंथी, डोळ्यातील युव्हिआ हा मधला थर आणि चेहऱ्याची नस या तिन्हींना एकदम ग्रासण्याचे प्रकार विरळा. मूळ कारण अद्याप उलगडलेले नाही.

भारतात खरी अडचण निदानाची आहे. क्षयरोगातही अशाच गाठी होतात, ताप येतो, डोळाही बिघडतो. क्षयाच्या गाठीचा मध्य बहुधा मृत होऊन चक्क्यासारखा दिसतो, सारकॉइडोसिसच्या गाठीचा सहसा नाही. मात्र एवढ्यावरच निकाल देता येत नाही. छातीचे चित्र, रक्तातील कॅल्शियम आणि ओठाच्या आतील वा कानाखालील ग्रंथीचा सूक्ष्म तुकडा तपासून, क्षय नाही याची शक्य तेवढी खात्री करावी लागते. ही घाई नडते, कारण उपचार आहे स्टिरॉइडचा: तो सारकॉइडोसिसमध्ये उपकारक असला, तरी दडलेला क्षय त्याने उफाळू शकतो.

प्रेडनिसोलोनची मात्रा हळूहळू कमी केली जाते. बरे वाटले म्हणून परस्पर थांबविणे धोक्याचे. मधुमेह्यांची साखर या काळात वाढते. गरज पडल्यास मेथोट्रेक्सेटही दिले जाते. चेहऱ्याचे लुळेपण बहुतेकदा ओसरते. डोळा मात्र थांबत नाही: बाहुली भिंगाला चिकटणे, मोतीबिंदू, काचबिंदू आणि प्रसंगी कायमची दृष्टिहानी. म्हणून नेत्रतज्ज्ञास गालांची सूज आणि कान-नाक-घसा तज्ज्ञास डोळ्यांची लाली आवर्जून सांगावी. अन्यथा दोघेही अर्धाच रोग पाहतात. लाली गेल्यावरही डोळ्यातील दाब तपासत राहावे लागते, कारण स्टिरॉइडचे थेंबही काही रुग्णांत तो वाढवितात.