आंतड्यांतील जठरसदृश गांठी

निमगांव केतकीच्या पानमळ्यांत राबणाऱ्या एखाद्या प्रौढ माणसाचा चेहरा फिका पडूं लागला, चार पावलांत दम लागूं लागला, तर घरचीं माणसें त्याचें खापर उन्हावर, अर्धपोटीं कष्टांवर नाहीं तर जंतांवर फोडतात. बहुधा तें खरेंही असतें. पण क्वचित् त्याचें मूळ आद्यांत्रांत, म्हणजे जठरास लागून असलेल्या लहान आंतड्याच्या पहिल्या दहा इंचांत, सांपडतें. तेथें एक गांठ असते. ती थेंब थेंब रक्त गाळते आणि महिनेच्या महिने तें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

लहान आंतडें सुमारें २० फूट लांब. तरी त्यांत गांठी फार थोड्या होतात. जिची घडण आंतड्याची नसून जठराची असते, अशी गांठ तर दुर्मिळच. जठराच्या खालच्या तोंडाशीं बुळबुळीत श्लेष्मा स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. तशाच नलिका ह्या गांठींत दाटीवाटीनें भरलेल्या दिसतात. एल्स्टर ह्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानें १९७६ मध्यें जठरांतील अशा गांठींचें वर्णन केलें. पुढें त्या आद्यांत्रांतही आढळल्या.

जठराची पेशी आंतड्यांत आली कोठून? कांहीं माणसांत गर्भावस्थेंतच जठराच्या अस्तराचें एखादें बेट तेथें राहून जातें. कांहींत आम्लाचा मारा सोसतां सोसतां आंतड्याचें अस्तरच जठराचा वेष घेतें. शिवाय आद्यांत्रांत मुळांतच ब्रुन्नरच्या ग्रंथी आहेत. सतराव्या शतकांत वर्णिलेल्या ह्या ग्रंथी जठरग्रंथींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा. त्यांचीही गांठ होते, आणि नुसत्या डोळ्यांनीं दोहोंत भेद करणें कठीण.

तोंडावाटे लवचिक दुर्बीण घालून गांठ पाहतां येते, पण तिची जात ठरते ती तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं गेल्यावर. 'म्यूक ६' आणि 'म्यूक ५ एसी' हीं श्लेष्मद्रव्यें रंगवून दाखविलीं कीं जठराची ओळख पटते. पहिलें खोल ग्रंथींचें, दुसरें पृष्ठभागाचें.

तिला 'सौम्य' म्हणतात, तो शब्द जरा फसवाच. ही गांठ कर्करोग नव्हे. पण तिच्या कांहीं पेशी हळूहळू बेताल होऊन त्या वाटेला लागूं शकतात. म्हणून ती समूळ काढणें इष्ट. लहान गांठ दुर्बिणींतूनच तारेच्या फांसानें, विजेच्या साह्यानें, कापतां येते. मात्र आद्यांत्राची भिंत पातळ. हात जरा जड पडला तर भोंक पडतें, आणि रक्तस्राव कधीं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशींही होतो. काढलेल्या गांठीची कड निरोगी निघाली कीं नाहीं, यावर रोग्यानें पुन्हां दुर्बीण केव्हां गिळावयाची तें ठरतें.