डोंगरउताराचा नकाशा
गांवनकाशांत हद्द दिसते, ओढाहि दिसतो; परंतु जमिनीची चढण दिसत नाहीं. मोजणींत उताराची जमीन सपाट धरूनच क्षेत्र काढतात व दप्तरांत तेंच राहतें. ह्या चढणीचें महत्त्व किती, हें ता. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर अतिवृष्टींत डोंगर घसरून दीडशेंच्या सुमारास माणसें दगावलीं, त्यावरून ध्यानीं यावें.

ही उणीव आतां उपग्रह भरून काढतात. इ. स. २००५ मध्यें भारतानें सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहावर दोन कॅमेरे होते. एक पुढें कललेला, एक मागें. एकाच डोंगराचीं दोन कोनांतून घेतलेलीं चित्रें ताडून ठिकठिकाणची उंची काढतां येते, व शेजारशेजारच्या उंचींतील फरकावरून उतार आणि पाण्याची वाट कळते. पावसाळ्यांत मात्र ढगांपुढें कॅमेरा आंधळा; तेथें ढगांपार पाहणारें रडारच हवें.

ह्या नकाशांवर भलती भिस्त मात्र नको. इसरोनें सर्वांस खुल्या केलेल्या उंचीच्या नकाशाचा एक चौकोन तीस मीटरांचा, म्हणजे सुमारें नऊ गुंठ्यांचा, व त्यास उंची एकच. भाताचें दोन गुंठ्यांचें खाचर त्यांत लोपून जातें. बांधाच्या तंट्यांत तो पुढें करणें आम्हांस व्यर्थ वाटतें. तेथें मोजणीदारच बोलवावा. परंतु घर बांधण्यापूर्वीं वा उतार खोदून सपाट करण्यापूर्वीं तो अवश्य पहावा. वस्तीच्या माथ्यावर तीव्र उतार असून पाण्याची वाट थेट घरांकडे येत असेल, तर तेथें खोदकाम करणें आम्ही तरी धोक्याचें मानतों.