ईदची नानखटाई आणि मजुरीचा हिशेब

रमजानचा शेवटचा अशरा लागला की बाजारात दोन दुकानांपुढे पाय ठेवायला जागा राहत नाही. एक कापडाचे आणि दुसरे सुक्या मेव्याचे. पण ईदचा तिसरा बाजार घराघरांत भरतो आणि तो कोणाच्या वहीत लिहिला जात नाही. मोहल्ल्यातील आपल्या आया-बहिणी खाटेवर चादर अंथरून सेवया वाळवतात, नानखटाईचे ताट डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावतात. या तिसऱ्या बाजाराविषयी चार शब्द लिहावेत, असे पुष्कळ दिवस मनात होते.

ईदची सकाळ शीरखुर्म्याशिवाय होत नाही. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. त्यात तुपात परतलेल्या बारीक सेवया, खारीक, खोबरे, चारोळी, बदाम, पिस्ता पडतो. मुंबईत मिनारा मशिदीच्या आसपास रमजानच्या रात्री मालपुवा आणि मातीच्या वाटीतील फिरनी खपते. ती वाटी जास्तीचे पाणी शोषून घेते, म्हणून फिरनी घट्ट बसते. म्हणजे या गोडव्यात कुंभाराचाही वाटा आहे. कोकणातील मुस्लिम घरांत तांदळाचे सांदण होते. पण गावोगावी ज्या जिनसेवर गरीब घराला चार पैसे सुटू शकतात, त्या म्हणजे सेवया आणि नानखटाई.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला आहेत. पतीचा इंतकाल झाल्यापासून त्या आणि त्यांची मुलगी रमजानमध्ये नानखटाई करून विकतात. गेल्या ईदनंतर सहज विचारले, ‘‘खाला, या वेळी काय सुटले?’’ त्या म्हणाल्या, ‘‘भाईजान, अल्लाहचा शुक्र आहे, सगळा माल संपला.’’ माल संपणे आणि पैसा सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कापडाच्या धंद्यात माणूस ठेच लागून शिकतो. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मैदा, बेसन व रवा मिळून १० किलो पिठाचे ५५० रुपये. साखर साडेसात किलो, ३४५ रुपये. वनस्पती तूप साडेसात किलो, १,१२५ रुपये. वेलदोडे वगैरे १३० रुपये. बेकरीची भाजणावळ ३५० रुपये आणि डबे २३० रुपये. एकूण खर्च २,७३० रुपये. भाजल्यावर घट जाऊन माल उतरला २३ किलो. १६० रुपये किलोने त्याचे झाले ३,६८०. शिल्लक ९५० रुपये.

आता पुढे पाहा. मायलेकी तीन दिवस राबल्या, म्हणजे सहा रोज भरले. एका रोजाला १५८ रुपये पडले. त्यातही तीन किलो माल उधारीवर गेला होता, तो पैसा आलाच नाही. ४८० रुपये वजा केल्यावर राहिले ४७०, म्हणजे रोजाला ७८ रुपये. रोजा धरून तीन दिवस भट्टीपुढे उभे राहण्याची ही मजुरी! मी आकडा वाचून दाखवला तेव्हा खाला काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘आमची मजुरी तर मी धरलीच नव्हती.’’

सारे दुखणे या एका वाक्यात आहे. आपला कारागीर सूत मोजतो, रंग मोजतो, पण घरातील बाईचा हात मोजत नाही. रोजाला ३०० रुपये धरले तर सहा रोजांचे १,८०० होतात. एकूण पडता ४,५३०, म्हणजे किलोला १९७ रुपये. खालांनी २०० रुपये भाव सांगितला असता तरी नफा असा नव्हताच, फक्त मजुरी निघाली असती. भाव आपापल्या गावचे घ्यावेत, पण हिशेबाची रीत हीच ठेवावी.

आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वनस्पतीत केलेला माल ‘असली तुपातला’ म्हणून विकू नये. मिश्र कापड सुती म्हणून खपवण्यासारखाच तो धोका आहे आणि अशा कमाईत बरकत नाही. घरगुती छोट्या धंद्यालाही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती करून घ्यावी आणि डब्यावर नोंदणी क्रमांक, माल केल्याची तारीख व वजन लिहावे. मग शहरातील दुकानदारही माल ठेवायला कचरत नाही. तूप, खजूर, बदाम, पिस्ता यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. खरेदीच्या बिलात तो पाहून घ्यावा.

मोसमाचाही विचार हवा. हिजरी साल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. २०१६ साली ईद जुलैत, ऐन पावसात आली होती. सेवया उन्हाळ्यातच वाळवून ठेवाव्या लागल्या. २०२५ साली ती ३१ मार्चला झाली आणि २०३० साली फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल. म्हणजे पुढची काही वर्षे सेवयांना कोरडे ऊन मिळेल, हिवाळ्यात दूधही मुबलक असते आणि पावसाळा संपता संपता येणारा नवा खजूर-बदाम हाताशी असेल. घरगुती धंद्याला ही चांगली संधी आहे.

आता व्यापारी बांधवांना एक विनंती. ईदला आपण गिऱ्हाइकांना, दलालांना, कामगारांना मिठाईचे डबे देतो. त्यातील निम्मे डबे मोहल्ल्यातील अशा घरांतून घ्या. रमजानचा चाँद दिसताच ऑर्डर द्या, निम्मी रक्कम आगाऊ द्या आणि बाकीची माल उचलताना चुकती करा. सूतवाल्याचा पैसा आपण मुदतीला देतो, मग खालांचा पैसा ईदनंतरवर का ढकलावा? मजुराची मजुरी वेळेवर द्यावी, ही आपल्या दीनची ताकीद आहे. शिवाय हे दान नव्हे. चांगल्या मालाची रास्त किंमत आहे. फितरा आणि जकात वेगळी, ती आपल्या जागी द्यायचीच.

खालांना मी एक कोरी वही दिली आहे. येत्या रमजानमध्ये पहिल्या पानावर पिठाच्या आधी मजुरी लिहायची, असे मायलेकींनी ठरवले आहे. माझ्या दुकानाची पंचवीस किलोची ऑर्डर त्यात पहिली आहे, २०० रुपये भावाने आणि रोखीने.